लहान होत गेलेली अक्षरं

मी भांड्यांवर नावं घालणारी एक जुनी मशीन आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. तुमच्या घरातलं एखादं स्टीलचं ताट उलटं करून बघा. कडेला बारीक बारीक ठिपक्यांनी कुणाचं तरी नाव घातलेलं सापडेल. एखाद्या मामाचं नाव असेल, लग्नाची तारीख असेल, नाहीतर 'सप्रेम भेट' असेल. ते काम माझं, किंवा माझ्या एखाद्या बहिणीचं. दिसायला मी काही खास नाही. मुठीत मावेल एवढं लोखंडी अंग, मागून निघालेली वायर आणि पुढे एक टणक सुई. बटण दाबलं की मी घर्र करते आणि सुई थडथडायला लागते. स्वभावाने मी जरा तापट आहे हे आधीच सांगून ठेवते. अंगानेही लवकर तापते.

माझा जन्म मुंबईजवळच्या हाटकेश औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यातला. साल नव्वद. तिथून मला मीरा रोडच्या बाजारातल्या हंसाबेनच्या भांड्यांच्या दुकानात आणलं. नवऱ्यामागे दुकान एकटीने चालवणारी ही बाई मोठी खमकी होती. गिऱ्हाईक मराठी असो, भय्या असो, कच्छी असो, ती तिघांशी तीन भाषा एकत्र करून बोलायची आणि तिघांनाही ती कळायची.

नावं घालायला तिच्याकडे बाबाजी होते. रायगडातून आलेला सडसडीत माणूस. बायको चंपा आणि मुलगी सुचेता यांच्यासह जवळच्या पेणकरपाड्यातल्या एका खोलीत राहायचे. मी येण्याआधी ते छिन्नी आणि हातोडीने एकेक ठिपका ठोकून नाव घालायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "ही बया आवाज फार करते." मला राग आला होता. पण त्यांनी मला हातात धरलं, ताटाच्या कडेवर पहिला 'श्री' काढला आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. इतका स्थिर हात! माझी सगळी थडथड त्या मुठीत गेली की मवाळ व्हायची.

मग काय सांगू तुम्हाला, आम्ही दोघांनी मीरा रोडवरचं एकही घर सोडलं नाही. लोक दुसऱ्या दुकानात भांडी घ्यायचे आणि नावं घालायला आमच्याकडे यायचे. बाबाजी प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचे, "नाव नीट सांगा हां. स्टीलवर घातलं की खोडता येत नाय." अक्षर तर असं की हंसाबेन गिऱ्हाइकाला आधी जुनं ताट दाखवायची आणि मगच नवं विकायची. लग्नसराईत आम्हाला पाणी प्यायला फुरसत नसायची.

बाबाजींची एकच इच्छा होती आणि ती ते कुणाजवळही बोलून दाखवायचे. "जगाच्या पोरींची भांडी माझ्या हातनं गेली. माझ्या सुचेताच्या लग्नाच्या भांड्यांवर नावं पण मीच घालणार. एकूण एक. दुसऱ्याचा हात नाय लागू देणार."

दोन हजार एक साल असेल. एका दुपारी काम संपवून बाबाजींनी मला खाली ठेवलं, हात मांडीवर ठेवला आणि त्यांचा अंगठा हलायला लागला. तळहातावर तंबाखू मळावी तसा. त्यांनी हात उचलला, तो थांबला. खाली ठेवला, पुन्हा सुरू. हंसाबेनने चष्म्यावरून पाहिलं आणि जाहीर केलं, "बाबाजीभाई, ये मशीनचं व्हायब्रेशन आहे. तुमच्या नसमधी घुसून गेला."

झालं. सगळ्यांनी तेच धरलं. शेजारचा कपडेवाला म्हणाला, मशीन बदला. चंपाबाई म्हणाल्या, मशीनला आग लावा. हंसाबेनने सायकलची ट्यूब कापून माझ्या अंगाला गुंडाळली, म्हणजे कंप हातात जाऊ नये. त्या काळ्या रबरात मला गुदमरायला व्हायचं. पण त्याहून वाईट म्हणजे मलाही ते खरं वाटायला लागलं. अकरा वर्षं ज्या मुठीत राहिले, तीच मी बिघडवली, असं मनात बसलं. माझ्यासारख्या तोंडाळ मशीनने कुणापाशी रडायचं?

पुढे दोन वर्षांत दुसरंच सुरू झालं. बाबाजींची अक्षरं लहान व्हायला लागली. सुरुवात नीट व्हायची, पण पुढे पुढे अक्षर आक्रसत जायचं. आडनावापर्यंत पोचेतो ठिपक्यांवर ठिपके पडायचे. पेणकरपाड्याच्या जुन्या वस्तीतला नाथा पाटील वडिलांच्या वर्षश्राद्धाला देवळात मोठं पातेलं देणार होता. त्यावर 'कै. राघो पाटील यांच्या स्मरणार्थ' घालायचं होतं. दुसऱ्या दिवशी तो पातेलं घेऊन परत आला आणि त्याने ते आमच्या पुढ्यात आदळलं.

"माझ्या बापाचं नाव हाय ते! मुंगीएवढं काढलंस. वाचायला न्हाय येत कुणाला!"

बाबाजी उभे राहिले. उभं राहायलाच त्यांना किती वेळ लागला! चेहऱ्यावर ना लाज दिसली, ना दुःख. चेहरा नुसता कोरा. नाथाला वाटलं, हा माणूस माज करतोय. तो आणखी भडकला. पण मी त्यांच्या मुठीत होते. ती मूठ आतून कशी कळवळली ते मला ठाऊक आहे. हल्ली असंच व्हायचं. नवरी मुलगी थट्टा करायची, बाबाजी मनातून हसायचे, पण हसू ओठांपर्यंत पोचायचंच नाही. लोक म्हणायचे, म्हातारा खडूस झाला.

त्या दिवशी हंसाबेनने माझी सुई बदलली. मग कॉइल बदलली. मग मला दुरुस्तीला पाठवलं. तिथल्या माणसाने मला खोलून पाहिलं आणि सांगितलं, "मशीन एकदम ओके आहे." मी परत आले तर अक्षर अजूनच बारीक. बाबाजी पाय घासत चालायचे. उजवा हात चालताना हलायचाच नाही, अंगाला चिकटून राहायचा. एका रिक्षावाल्याने त्यांना हटकलं, "क्या काका, सुबह सुबह लगा ली?" ज्या माणसाने जन्मात दारूला हात लावला नाही, त्याला हे ऐकावं लागलं.

जवळच्या दवाखान्यात इंजेक्शनं झाली, मानेला पट्टा झाला. शेवटी सुचेताने, ती तेव्हा एका ऑफिसात कामाला लागली होती, रजा टाकली आणि बाबांना मुंबईच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात न्यायचं ठरवलं. निघताना बाबाजींनी मला कापडी पिशवीत घातलं.

मेंदूच्या डॉक्टर बाई होत्या. पिकलेले केस, हातात चहाचा कप. बाबाजींनी मला टेबलावर ठेवलं तशा त्या दचकल्या. "हे काय?"

"नावं घालायची मशीन. हिचा कंप माझ्या हातात बसलाय, असं सगळे म्हणतात. खरं काय ते हिच्यासमोरच सांगा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाबाजींना चिमटीची उघडझाप करायला लावली, मनगट वाकवून पाहिलं, व्हरांड्यातून चालवलं, कागदावर तीन ओळी लिहून घेतल्या. तिसरी ओळ त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचली. मग विचारलं, "हात कधी थरथरतो? काम करताना की नुसता ठेवल्यावर?"

"नुसता ठेवल्यावर."

"मग मशीनचा काय दोष? हात धड आहे, बिघाड वर आहे." त्यांनी स्वतःच्या डोक्याला बोट लावलं. "मेंदूत खोलवर काही पेशी डोपामाइन नावाचं द्रव्य बनवतात. 'हात उचल', 'पाऊल टाक' हे निरोप नीट पोचायला ते लागतं. तुमच्या त्या पेशी मरत चालल्यात. का मरतात ते आम्हालाही अजून पुरतं ठाऊक नाही. थरथर दिसायला लागते तोवर अर्ध्याअधिक गेलेल्या असतात. म्हणून हालचाल मंद होते, अंग ताठतं, अक्षर आक्रसतं, चेहरा हसत नाही. याला पार्किन्सन म्हणतात."

मित्रांनो, माझ्यावरचा आरोप गेला. पण आनंद कसा करायचा? तो आरोप खरा असता तर मला फेकून देऊन बाबाजी बरे झाले असते.

"बरं होईल का?" सुचेताने विचारलं.

"गोळी त्या द्रव्याची उणीव भरून काढते, रोग घालवत नाही. पण हात चालेल. दिवसातून तीन वेळा, ठरल्या वेळी. जेवणाच्या आधी अर्धा तास. आणि मनाने बंद करायची नाही." बाहेर शंभर माणसं ताटकळत होती. बाईंनी पुढचा कागद ओढला.

घरी आल्यावर सुचेताने आईला सगळं समजावलं. चंपाबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण नवऱ्याचं औषध म्हणजे त्यांना देवाच्या पूजेसारखं होतं. गोळीची वेळ त्यांनी कधी चुकवली नाही, हे बाबाजीच दुकानात सांगायचे. जेवणाआधी बरोबर अर्धा तास गोळी पुढ्यात. आणि गोळीबरोबर म्हशीच्या दुधाचा भरलेला पेला. "एवढं मोठं डोक्याचं औषध. गरम पडतं. दूध प्या, पोटात आग नको." दूध म्हणजे काय जेवण थोडंच? त्यांच्या गावात कुणीच तसं मानत नाही.

गोळ्यांनी फारसा फरक पडला नाही. थोडा हात सुटायचा, लगेच अडकायचा. बाबाजी आणखी वाळले म्हणून चंपाबाईंनी दुधात बदामाची पूड घालायला सुरुवात केली. स्वतः काळा चहा प्यायच्या आणि घरातलं सगळं दूध नवऱ्याच्या पेल्यात. सुचेता सकाळी सातला घर सोडायची ती रात्रीच परत. तिला वाटायचं औषध चालू आहे.

दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर बाबाजींना दुकान सोडावं लागलं. हंसाबेनने माझ्या अंगावरची ती काळी ट्यूब स्वतःच्या हाताने सोडली आणि मला बाबाजींच्या पिशवीत घातलं. "सुचेताच्या लग्नाच्या भांड्यांवर नावं याच मशीनने घाला. पछी पाछी आपजो, मग परत द्या. नाही दिली तरी चालेल." एवढं बोलून ती आत निघून गेली. खमकी बाई, पण त्या दिवशी गिऱ्हाईक उभं असून बाहेर आली नाही.

सुचेताचं लग्न ठरलं होतं, पुढच्या मे महिन्यातलं. एकतीस भांडी आणून पलंगाखाली ठेवलेली. बाबाजी रोज एक वाटी घ्यायचे, मला धरायचे आणि 'सु' काढून थांबायचे. हात पुढे जायचा नाही. एकदा तर खोलीच्या उंबऱ्यात पाय जमिनीला खिळल्यासारखे अडकले आणि ते तिथेच कोसळले. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, "या गोळ्यांनी काय होत नाय. उगाच पोट भरायचं. बंद."

आणि त्यांनी बंद केल्या. चार दिवसांत त्यांचं अंग लाकडासारखं झालं. कुशीवर वळता येईना, घोट गिळता येईना. मी कपाटावर होते. चंपाबाई पाठीखाली हात घालून त्यांना वळवायच्या आणि तोंडाने देवाचं नाव घ्यायच्या. मला स्वतःहून सुरू होता आलं असतं तर मी ओरडले असते. सुचेताने शेजाऱ्यांना बोलावलं आणि बाबांना इस्पितळात हलवलं.

ते परत आले तेव्हा गोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. सुचेता दारातच चप्पल काढत बोलायला लागली, "आई, डॉक्टर बाईंनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेता. मी म्हटलं, दुधाबरोबर. त्यांनी कपाळावर हात मारला. दुधातलं सत्त्व आणि ही गोळी एकाच दारातून आत जातात म्हणे. दुधाने दार अडवलं की गोळी बाहेरच राहते. नुसतं पाणी घ्यायचं, आई. दूध, पनीर, डाळ सगळं नंतर."

पोरगी बिचारी भाबडेपणाने सांगत होती. बोलून झाल्यावर तिने आईकडे पाहिलं. चंपाबाई भिंतीला धरून खाली बसल्या होत्या.

"म्हणजे दीड वर्ष मी…" त्यांनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. "माझ्या हातानं मी यांचा हात बांधून ठेवला. अगं, वेळ चुकू दिली नाय गं मी एकदा पण."

बाबाजी पलंगावरून हळू म्हणाले, "दूध दिलंस. विष नाय दिलंस."

पण त्या बाईला ते लागायचं ते लागलंच. त्या दिवसापासून त्या मोठ्याने बोलेनाशा झाल्या.

साध्या पाण्याची ती पहिली सकाळ मी विसरणार नाही. सातला गोळी घेतली. पाऊण तासाने बाबाजींनी बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग मला उचललं. हात कसा उबदार आणि सैल झाला होता! मी तर बटण दाबायच्या आतच थरारले. पण हे सुख दीड तासाचं. गोळीचा जोर ओसरला की हात पुन्हा दगड. लग्नाला तीन आठवडे आणि भांडी एकतीस.

सुचेताने डॉक्टर बाईंच्या सांगण्यावरून दोन गोष्टी केल्या. उंबऱ्याजवळ जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांचे पट्टे मारले. पाय अडला की बाबांनी पट्टा ओलांडायचा. नवल म्हणजे नुसतं 'चल' म्हटलं तर न हलणारा पाय पट्टा दिसला की उचलायचा. दुसरं म्हणजे प्रत्येक भांड्यावर स्केचपेनने दोन रेघा. अक्षर खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंत गेलंच पाहिजे. त्या दोन रेघांत बाबाजींचं अक्षर पुन्हा उभं राहिलं. पूर्वीचं मोत्यासारखं नव्हे, थोडं वाकडं. पण वाचता येणारं.

काय लिहायचं ते सुचेताने विचारलं तेव्हा बाबाजी म्हणाले, "सुचेतास, आई-बाबांकडून."

चंपाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "माझं नाव नको. तुमचं एकट्याचं घाला. माझ्यामुळंच तर एवढं झालं. त्या भांड्यांवर माझं नाव शोभायचं नाय."

सुचेता वाद घालायला लागली. बाबाजींनी फक्त मान हलवली. त्या कोऱ्या चेहऱ्यावरून हो की नाही ते कुणालाच कळलं नाही.

मग आम्ही कामाला लागलो. रोज सकाळी दीड तास. बहुतेक दोन भांडी, कधी एकच. एकदा अर्ध्या अक्षरावर हात गोठला आणि ती थाळी दुसऱ्या दिवशी पुरी करावी लागली. सुचेता सकाळी ऑफिसला जायची. चंपाबाई समोर बसून भांडं घट्ट धरून ठेवायच्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मी ठिपके मारत होते. त्यांना वाचता येत नव्हतं. मला येत होतं. पण मी पडले मशीन, घर्र करण्यापलीकडे काय बोलणार? पुऱ्या झालेल्या भांड्याला बाबाजी लगेच कागद गुंडाळून ठेवायचे.

लग्नाच्या चार दिवस आधी एकतिसावं भांडं झालं, मोठा पाण्याचा हंडा. संध्याकाळी सुचेता भांडी खोक्यात भरायला बसली. तिने कागद सोडला आणि मोठ्याने वाचलं, "सुचेतास, आईकडून." दुसरं काढलं. "सुचेतास, आईकडून." तिसरं. चौथं. ती भराभरा कागद फाडत गेली. ताटं, वाट्या, तांब्या, परात. "बाबा, सगळ्यांवर आईच आहे. तुमचं नाव कुठाय?"

गोळीचा जोर उतरला होता. बाबाजींचे शब्द चिकटून चिकटून येत होते. "तेवढा… वेळ… नाय पुरला."

खोटं बोलत होते. 'बाबा' ही दोनच अक्षरं. ती घालायला आम्हाला एकेक मिनिट पुरलं असतं.

चंपाबाईंनी हंडा पुढे ओढला. "कुठं हाय माझं नाव? दाखव." सुचेताने त्यांचं बोट धरून 'आ'वर ठेवलं, मग 'ई'वर. त्या ठिपक्यांवरून त्यांनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि मग हंड्यावर डोकं टेकून त्या माऊलीने असा हंबरडा फोडला की शेजारची माणसं धावत आली. बाबाजींना उठून तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता. मला दिसत होतं. पण हात मांडीवरून उठेना. तो नुसता थरथरत राहिला.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. सुचेता सासरी आहे. बाबाजींची गोळी आता दीड तासही पुरत नाही म्हणून दिवसातून पाच वेळा घ्यावी लागते, आणि तिचा जोर असला की अंग नको तितकं हेलकावतं. मला उचलणं संपलं. हंसाबेनने मला परत मागितलं नाही. मी कपाटावर बसून असते. चंपाबाई दर आठवड्याला माझी धूळ पुसतात, आग लावा म्हणणारी हीच ती बाई.

मित्रांनो, तुमच्या घरात, गल्लीत असा एखादा मंद झालेला माणूस असेल. त्याला दारुडा म्हणू नका, खडूस म्हणू नका. त्याचा चेहरा हसला नाही तरी तो आतून हसत असतो आणि रडतही असतो. त्याच्या हातातलं काम ओढून घेऊ नका, थांबा जरा. औषध कसं घ्यायचं ते डॉक्टरला दोनदा विचारा, तीनदा विचारा, लाजू नका. मायेने केलेली चूकसुद्धा दीड वर्ष खाऊन जाते आणि ते दीड वर्ष कुणी परत देत नाही.

एवढं बोलून मी तापले बघा. आणि चार वाजले. चंपाबाई, उठा. गोळी द्यायची वेळ झाली. पाणी आणा, नुसतं पाणी.